पावकिलो बसला

मी एक जुना पाव किलो आहे. गोंधळू नका, मित्रांनो. पाव किलो साखर नव्हे की पाव किलो शेंगदाणे नव्हेत. तराजूच्या पारड्यात ठेवतात ना, ते पितळेचे वजन. लोक मला नुसतेच ‘पावकिलो’ म्हणतात आणि मलाही ते आवडते. माझ्या डोक्यावर धरायला एक गोल बोंड आहे. पूर्वी मी सोन्यासारखा चमकायचो. आता माझा रंग कपाच्या तळाशी राहिलेल्या चहासारखा झाला आहे. माझी गोष्ट आनंदाची नाही. पण तुम्ही मोठे होणार आहात आणि मोठ्यांच्या जगात ती कामाला येईल, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतले, ते निवले आणि एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासायला घेतले. थोडे घासायचे, तराजूत घालून पाहायचे, पुन्हा घासायचे. “अजून चरबी आहे याच्या अंगावर,” असे तो पुटपुटायचा. काटा अगदी मध्यावर थांबला, तेव्हा त्याने माझ्यावर शिक्का मारला. दुखले खरे, पण शिक्क्याशिवाय जगात कोणी विचारत नाही, हे मला तेव्हाच समजले. आम्ही भावंडे एका लाकडी पेटीत राहायचो. एक किलो दादा सगळ्यांच्या पुढे, त्याच्या शेजारी अर्धा किलो, मग मी आणि माझ्यामागे सगळी चिल्लीपिल्ली.

धान्याच्या एका मोठ्या गोदामाने आम्हाला विकत घेतले. तिथे सिमेंटच्या उंचच उंच गोल कोठ्या होत्या. बाहेरून लोखंडी शिडी, वर एक झाकण, खाली धान्य वाहून नेणारा पट्टा. धान्याचे ट्रक आधी फाटकाजवळच्या मोठ्या काट्यावर चढायचे आणि मग आत जायचे. त्या काट्याला लागून एक छोटी खोली होती, तिला सगळे काटेघर म्हणायचे. एक टेबल, एक खिडकी, पावत्यांचे गठ्ठे, वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देणारा एक पंखा आणि खुर्चीत बसलेले काटेवाले, एवढाच तिथला संसार. अख्ख्या ट्रकचे वजन मोठा काटा करायचा. आम्ही भावंडे मूठभर नमुना तोलून त्यात खडे किती, कोंडा किती, ते सांगायचो.

काटेवाले बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. दुधाने तोंड पोळलेले नसतानाही ताक फुंकून पिणारे. पावती लिहिली की ती पुन्हा वाचायचे आणि ट्रकवाला ओरडला की तिसऱ्यांदा वाचायचे. मला उचलताना ते नेहमी बोंडाला धरायचे, अंगाला घामाचा हात लावायचे नाहीत. असा मालक मिळायला नशीब लागते.

पण नशीब काही कोणाला पुरत नाही. दर वर्षी एक तपासनीस यायचा आणि आम्हाला त्याच्याकडच्या वजनांशी ताडून पाहायचा. एका वर्षी मी पारड्यात बसलो आणि माझे पारडे वर गेले. केसभरच, पण गेले. “झिजलाय. कमी भरतोय. बाद,” एवढेच तो म्हणाला आणि मला बाजूला सारले. मित्रांनो, इमानेइतबारे नोकरी केल्यावर सगळ्यांदेखत ‘कमी भरतो’ हे ऐकून घ्यायचे म्हणजे काय ते माझे मलाच ठाऊक. पुढे विजेचा काटा आला आणि माझी भावंडे पेटीसकट भंगारात गेली. मी तेवढा वाचलो, कारण काटेवाले म्हणाले, “हा राहू दे. खिडकीतून वारा येतो, पावत्या उडतात.” वजन म्हणून जन्मलो आणि कागदांवरचा दगड झालो. असो.

आता खरी गोष्ट. धान्याला ओल लागली की ते कोठीच्या भिंतीला चिकटून बसते. वरून कडक पापडी धरते आणि खाली पट्टा रिकामाच फिरत राहतो. भिंतीला धक्के देऊन धान्य सुटे करणारे एक यंत्र तिथे होते, पण ते बंद पडले होते. “पुढच्या महिन्यात माणूस येतोय दुरुस्तीला,” असे गोदामाचा मुकादम सांगायचा. तो पुढचा महिना काही उजाडत नव्हता. तोवर एक माणूस कमरेला दोर बांधून वरच्या झाकणातून आत उतरायचा आणि लांब सळईने पापडी फोडायचा. पापडीखाली पोकळी असते, मित्रांनो. वरून पाहिले तर घट्ट जमीन वाटते, पण ती जमीन नसते. एकदा लंबू नावाचा गडी छातीपर्यंत आत गेला होता. त्याला ओढून काढले खरे, पण तेव्हापासून तो झोपताना खोलीचे दार उघडे ठेवायचा.

उतरायला हाताशी माणसे चारच. काटेवाले, पट्टा दुरुस्त करणारा मिस्त्री, हा लंबू आणि एक हमाल. पूर्वी पाळी ठरलेली होती. पण पाळी आली की कोणाची कंबर धरायची, कोणाच्या सासूला नेमके त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे असायचे. भांडणे हमरीतुमरीवर यायला लागली. तेव्हा लंबूने पत्त्यांचा जोड आणला. तो पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होता आणि खलाशांकडून पोकर शिकला होता. चौघांनी प्रत्येकी मूठभर लोखंडी वाशर घ्यायचे, जेवणाच्या सुट्टीत काटेघरात खेळायचे आणि ज्याचे वाशर आधी संपतील त्याने उतरायचे. झाले, ठरले! मुकादमाला सगळे माहीत होते, पण त्याने कधी विचारले नाही. त्याला माणूस मिळाल्याशी मतलब.

तुम्ही पोकर खेळू नका, पण त्यातली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचे कळणार नाही. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात, ती ज्याची त्यानेच पाहायची. मग मध्ये पाच पाने उघडी पडतात, ती सगळ्यांची. आपल्या दोनांतून आणि त्या पाचांतून ज्याचा मेळ सगळ्यात चांगला जमेल, त्याचा डाव. पण खरी परीक्षा मधली पाने पडायच्या आधीच असते. हातातली दोन पाहून मध्ये वाशर लावून डावात राहायचे, की पाने टाकून द्यायची? एक्क्यांची जोडी आली तर शेंबडे पोरही राहील. सत्ती-दुर्री आली तर तेच पोर टाकून देईल. डोके खाजवायला लावतात ती या दोन्हींच्या मधली. राजा आहे, पण त्याच्यासोबत चौकी. एक्का आहे, पण शेजारी सत्ती. ना धड उजवी, ना धड टाकाऊ.

काटेवाल्यांनी अशा पानांचे नाव ठेवले होते जावईपाने. “दिसायला रुबाबदार, कामाला शून्य, आणि घालवून द्यायला मन होत नाही,” असे ते म्हणायचे. असल्या पानांची खोड अशी, की मध्ये राजा पडला की आपण हरखतो. पण समोरच्याकडेही राजा असतो आणि त्याच्या राजाशेजारी राणी बसलेली असते. मग आपले वाशर त्याच्या पदरात. म्हणून काटेवाले जावईपाने टाकून द्यायचे. राहतो की टाकतो, ते सगळ्यांच्या शेवटी बोलायची वेळ असली, आधीच्या सगळ्यांनी पाने टाकलेली दिसली, तर एखादे वेळी राहायचे. पहिले बोलायची वेळ असली तर कधीच नाही. आपल्यानंतर तीन माणसे बोलणार आहेत आणि त्यांच्या हातात काय आहे ते आपल्याला माहीत नाही, मग उगाच विषाची परीक्षा कशाला? दर डावाला प्रत्येकाचा एक वाशर मध्ये जायचा, त्याला ते बसणावळ म्हणायचे. काटेवाले बसणावळ देत, पाने टाकत, निवांत बसून राहायचे. घाई करणारा आपोआप रिकामा व्हायचा.

आणि यात माझा काय संबंध? सांगतो. काटेवाल्यांची खुर्ची खिडकीला लागून. ट्रक आला की वाऱ्याच्या झोताने त्यांची पाने उलटायची. म्हणून डावात राहायचे ठरले की ते मला पानांवर ठेवायचे. टाकायची असली तर मला हातही लावायचे नाहीत. बाकीच्यांच्या हे लवकरच ध्यानात आले. मी पानांवर टेकलो रे टेकलो, की मिस्त्री ओरडायचा, “पावकिलो बसला! उठा रे बाबांनो, आता काही खरं नाही!” आणि सगळे पटापट पाने टाकायचे. तपासनिसाने ज्याला कमी भरतो म्हणून हिणवले, त्याचे केवढे वजन पडत होते पाहा! खोटे कशाला बोलू, मी फुशारून गेलो होतो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा उमजली. काटेवाले कधीच कोठीत उतरले नाहीत, याचा अर्थ दर वेळी दुसरे कोणीतरी उतरले. ते शांतपणे पाने टाकत राहायचे आणि टेबलाच्या पलीकडे कोणाच्या तरी कमरेला दोर बांधला जायचा. ते भित्रे होते. एकदा ते शिडी चढून वर गेले, झाकणातून आत डोकावले आणि खाली आल्यावर कितीतरी वेळ त्यांना पाण्याचा पेला धरता आला नाही. ही भीती त्यांनी कोणाला सांगितली नाही. हुशारीच्या पांघरुणाखाली लपवून ठेवली.

मग हमाल काम सोडून गेला आणि त्याच्या जागी काटेवाल्यांचा खराखुरा जावई आला. त्यांनीच मुकादमाकडे शब्द टाकला होता. जावई हसतमुख, उंचापुरा, सगळ्यांशी गप्पा मारणारा. पहिल्याच दिवशी तो पत्त्यांना बसला. काटेवाल्यांनी पाने टाकली आणि लंबूने सवयीने विचारले, “काय होतं?” “जाव…” काटेवाल्यांनी जीभ चावली. मिस्त्री हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. जावयाला अर्थ कळला तेव्हा तोही पोट धरून हसला. तेव्हापासून हातात राजा-चौकी आली की तोच म्हणायचा, “आले बघा माझे नातलग!” आणि नातलगांना कसे टाकायचे, म्हणून खेळायचा. त्यामुळे कोठी अडकली की बहुतेक वेळा तोच उतरायचा. वर येताना पापण्यांवरसुद्धा धूळ बसलेली असायची.

मिस्त्रीची जीभ जरा तिखटच होती. “वशिल्याचं तट्टू असलं तरी ओझं वाहतंय हो!” असे तो म्हणायचा. चेष्टाच ती, पण जावयाच्या मनाला लागली. कुरकुर केली तर सासऱ्याचे नाव खराब होईल, म्हणून तो कुरकुर करीत नसे.

एके दिवशी काम सुटल्यावर काटेवाल्यांनी त्याला थांबवून घेतले. “जावईबापू, बसा. तुम्हाला एक गोष्ट शिकवायची राहिली.” त्यांनी पाने वाटली. एक्का-पंजी. राजा-छक्की. गुलाम-सत्ती.

“यातली कुठली खेळाल?”

“तिन्ही,” जावई म्हणाला. “चित्र दिसलं की हात आवरत नाही, मामा.”

“चित्राकडे बघूच नका. त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. मग आपण कितवे बोलणार ते बघा. मग समोर कोण आहे ते. मिस्त्री कशावरही राहतो, त्याला घाबरू नका. लंबू चांगली पानं असली की कान खाजवतो.”

“आणि तुम्ही?”

काटेवाले हसले. तसे ते क्वचितच हसायचे. “मी पावकिलो ठेवला की डोळे मिटून टाका. माझ्यासमोर जावईपानांवर राहायचं नाही. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.”

जावई मनापासून शिकला. हळूहळू तोही पाने टाकायला लागला आणि उतरायची वेळ मिस्त्रीवर, लंबूवर येऊ लागली. काटेवाल्यांना हायसे वाटले. पण तोवर उशीर झाला होता. धुळीने जावयाच्या छातीत घर केले होते. तो खोकायचा, हसून दाखवायचा, पुन्हा खोकायचा. खोकून झाल्यावर भिंतीला हात टेकून उभा राहायचा.

मग तो दिवस आला. सकाळी जावई डबा घरी विसरला, म्हणून काटेवाल्यांची लेक तो घेऊन काटेघरात आली. तिने डबा टेबलावर ठेवला, दार लोटून घेतले आणि म्हणाली, “बाबा, आज त्यांना कोठीत उतरू देऊ नका.”

“अगं, डाव असतो. माझ्या हातात थोडंच असतं?”

“रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही त्यांच्या. डॉक्टर म्हणाले, धुळीत पाऊल टाकायचं नाही. ते स्वतः कोणाला सांगायचे नाहीत. तुमची मान खाली जाईल म्हणतात. तुम्हीच बघा काहीतरी.”

“बघतो,” काटेवाले म्हणाले.

दुपारी मुकादम खिडकीशी आला. “मधली कोठी अडकलीय. ट्रकांची रांग लागलीय. जेवणं झाली की माणूस पाठवा.” कोणता, ते त्याने नेहमीप्रमाणे विचारले नाही.

डबे बाजूला झाले, वाशर वाटले, पाने पिसली गेली. जावयाचे नशीबच त्या दिवशी रुसले होते. एकामागून एक फालतू पाने येत होती आणि शिकवल्याप्रमाणे तो ती टाकत होता. पण बसणावळ काही चुकत नव्हती. एकदा त्याला चांगली जोडी आली, तो राहिला, तर लंबूने त्याच्यावर मात केली. त्याच्यापुढे दोनच वाशर उरले. काटेवाल्यांपुढे त्याच्यापेक्षा बरे होते. मिस्त्री आणि लंबूपुढे ढीग होते.

काटेवाल्यांच्या मनात काय चालले होते, ते मला त्यांच्या हातावरून कळत होते. आज पहिल्यांदाच त्यांनी मला अंगाला धरले होते आणि हात घामाने ओला झाला होता. ‘मी उतरतो’ हे दोन शब्द बोलले की प्रश्न मिटत होता. पण ते शब्द तोंडाबाहेर आले की मागे घेता येणार नव्हते आणि कोठीचे ते काळे तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. आपण हरायचे. सगळे वाशर घालवायचे. मग उतरावेच लागेल आणि धैर्य नावाची गोष्ट लागणारच नाही.

लंबूने पाने वाटली. सगळ्यांची बसणावळ गेली, जावयापुढे शेवटचा एकच वाशर राहिला. पहिले बोलायची पाळी काटेवाल्यांची होती. त्यांनी पाने उचलली. राजा-चौकी. अस्सल जावईपाने, तीही सगळ्यांच्या आधी बोलायच्या जागेवर! एरवी त्यांनी क्षणात टाकली असती. आज त्यांनी आपले सगळेच्या सगळे वाशर मध्ये लोटले आणि हाताच्या सवयीने मला पानांवर ठेवले. कोणीही यावे आणि मला हरवावे, असे ते जणू विनवत होते.

मग मिस्त्री ओरडला, “पावकिलो बसला! आणि तोसुद्धा पहिल्या बोलीला! मेलो!”

जावयाने आपली पाने पाहिली. माझ्याकडे पाहिले. मग सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, की अरे, राहा! आज मी खोटा आहे! माझ्याखाली काहीही नाही! काटेवाल्यांना तोंड होते, पण डाव चालू असताना पानांबद्दल बोलायचे नाही असा नियम होता आणि नियमाच्या आड उभे राहणे त्यांना सोयीचे होते. जावयाने पाने टाकली. मिस्त्रीने टाकली. लंबूनेही कान न खाजवता टाकली. मधले सगळे वाशर काटेवाल्यांकडे परत आले, वर चौघांची बसणावळ.

“मामा,” जावई पुढे झुकून हळूच म्हणाला, “एक्का-सत्ती टाकली बघा मी. पूर्वीचा असतो तर चिकटून बसलो असतो. जमलं की नाही?”

त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारे हसू होते. तो राहिला असता तर एक्क्याने राजाला बहुधा खाल्ले असते, त्याच्यापुढे पुन्हा वाशर आले असते आणि कदाचित वेळ टळली असती. काटेवाल्यांनी मान हलवली. “छान केलंत,” ते म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

पुढच्या डावाला जावयाचा शेवटचा वाशर गेला. पाने आली सत्ती-दुर्री. मिस्त्रीने डाव नेला. जावई उठला, खोकला आणि हसून म्हणाला, “चला, नातलगांना टाळलं तरी कोठी काही सोडत नाही.” तो दारापाशी गेला. काटेवाले उभे राहिले. ते दोन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले, मी पाहिले. ओठ हललेसुद्धा. पण बाहेर पडले ते असे: “तोंडाला फडकं बांधा हो, जावईबापू. घट्ट बांधा.”

“बांधतो, मामा.”

त्यानंतरचे मी पाहिले नाही. मी टेबलावर होतो, पसरलेल्या पानांमध्ये. पट्ट्याची घरघर ऐकू येत होती. मग ती थांबली. मग भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. काटेवाले खुर्ची उलथून धावत सुटले. लंबू नंतर सांगत होता, की आत जावयाला खोकल्याची उबळ आली, तो गुडघ्यांवर बसला आणि त्याच्याखालची पापडी फुटली. दोर कमरेला होता, तुटला नाही. पण भिंतीवरचे धान्य वरून कोसळले आणि एवढ्या ओझ्याखालून माणसाला दोराने ओढता येत नाही. कोठीची भिंत फोडली, धान्याचा लोंढा अंगणभर सांडला, तेव्हा कुठे तो सापडला. तोंडाला फडके घट्ट बांधलेले होते.

पुढच्या महिन्यात येणारा दुरुस्तीचा माणूस आठवड्याच्या आत आला. यंत्र सुरू झाले. इतके सोपे होते ते. पाण्यात बुडाल्यावर पोहायला शिकवणारे लोक जगात पुष्कळ असतात, मित्रांनो. मुकादम सगळ्यांना सांगायचा, “मी वर कितीदा कळवलं होतं!” ते खरेही असेल. पण वरचे ऐकत नाहीत म्हणून खालचा माणूस आत पाठवणारा तोच होता.

मिस्त्री काटेवाल्यांच्या घरी जाऊन लहान मुलासारखा रडला. दश्शींची जोडी त्याने त्या डावात टाकली होती, मला पाहून. रडता रडता त्याने लेकीला सगळे सांगून टाकले. मग ती एक दिवस काटेघरात आली. नवऱ्याचा सदरा खुंटीवर होता, डबा कपाटात होता. दोन्ही तिने पिशवीत घातले. काटेवाले खाली मान घालून बसले होते.

“बाबा, त्या डावात तुमच्याकडे काय होतं?”

“राजा-चौकी.”

“म्हणजे काही नव्हतं.”

“काहीच नव्हतं गं. मला हरायचं होतं. शपथ घेऊन सांगतो. मला हरून उतरायचं होतं, त्यांच्या जागी…”

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच भयंकर होते. “हरायला पानं कशाला लागतात, बाबा?” ती म्हणाली. “तोंड नव्हतं तुम्हाला?”

ती निघून गेली आणि पुन्हा कधी काटेघरात आली नाही. त्यांनी पत्त्यांचा जोड मिस्त्रीला जाळायला दिला. मला मात्र फेकले नाही. बोंडाला धरून उचलले, पुसले आणि पावत्यांवर ठेवले. फेकले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना जपा, पुसा, त्यांचा आदर करा, हे तर मी सांगेनच. पण आमच्यावर भलती ओझी टाकू नका. मी एवढासा पितळेचा तुकडा. मी पाने दाबून धरू शकतो, माणसाच्या मनातली गोष्ट दुसऱ्याला सांगू शकत नाही. कोणाला वाचवायचे असेल, कोणाची माफी मागायची असेल, कोणाला अडवायचे असेल, तर ते स्वतःच्या तोंडाने, वेळेवर आणि मोठ्याने बोला. आणि यंत्र बिघडले असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत आत कोणालाच पाठवू देऊ नका. हुशारीने खेळून आपली पाळी चुकवता येते, पण ती पाळी जगातून नाहीशी होत नाही, शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसते.

काटेवाले आता थकले आहेत. पावती चौथ्यांदा वाचतात, तरी चूक राहते. कधी पट्टा मध्येच थांबतो आणि मुकादम खिडकीशी येऊन म्हणतो, “जरा कोठी अडक…” त्याचे वाक्य पुरे होऊ न देता काटेवाले ताडकन उभे राहतात. “मी उतरतो,” ते म्हणतात, अगदी स्पष्ट, खणखणीत आवाजात.

“बसा, मामा,” मुकादम म्हणतो. “यंत्र चालू केलंय. आता कोणालाच उतरायचं नसतं.”

आणि काटेवाले बसतात.